टर्बाइन हॉलमध्ये काय बघायचं?

लंडनच्या ‘टेट मॉडर्न’वरचा माझा लेख मागच्या अंकात आला आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देतो. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थेम्सच्या दक्षिण काठावर बँकसाइड नावाचं वीज केंद्र होतं. ते १९८१मध्ये बंद झालं आणि मे २०००मध्ये तिथे आधुनिक व समकालीन कलेचं संग्रहालय उघडलं. माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, टर्बाइनच्या देखभालीवर झाली. मुलगी लंडनला असते, म्हणून तिथे जाणं होतं. ही इमारत मी आधी वीज केंद्र म्हणून बघतो आणि मग संग्रहालय म्हणून, त्यामुळे उत्तरंही त्याच क्रमाने येतील.

प्रश्न : आम्ही दोघं सप्टेंबरात मुलाकडे लंडनला जाणार आहोत. हिचे गुडघे दुखतात. टेटला किती वेळ ठेवावा, तिकीट किती, सुरुवात कुठून करावी? चित्रकलेतलं आम्हाला काही कळत नाही.
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. मोठी खास प्रदर्शनं असतात, त्यांना तिकीट असतं आणि ते आधी काढलेलं बरं. अर्धा दिवस ठेवा. लिफ्ट सगळीकडे आहेत, व्हीलचेअर लागली तर मिळते, तेव्हा वहिनींच्या गुडघ्यांची काळजी करू नका.

सुरुवातीबद्दल मात्र माझा आग्रह आहे. बहुतेक लोक सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या बाजूने मिलेनियम पूल ओलांडून येतात आणि नदीकडच्या दारातून आत शिरतात. पुलावरून जरूर या, पण त्या दारातून आत जाऊ नका. इमारतीला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला या. तिथे एक रुंद उतार थेट आत जातो. या उताराने गेलात की टर्बाइन हॉल, म्हणजे वीज बनवणारी यंत्रं जिथे होती ते मोठं दालन, एकदम पूर्ण समोर येतो. नदीकडून शिरलं की आपण हॉलच्या आतल्या, मधल्या पुलावर निघतो आणि हॉलचे दोन तुकडे दिसतात.

त्या उतारामागे एक कारण आहे. आपल्या केंद्रांत टर्बाइन जमिनीवर नसतं. खालच्या तळाला आम्ही ‘झिरो मीटर’ म्हणतो. तिथे कंडेन्सर, पंप, पाइप. त्याच्या वर ऑपरेटिंग फ्लोअर, आणि त्यावर टर्बाइन-जनरेटर. बँकसाइडलाही टर्बाइनं अशीच वरच्या मजल्यावर होती. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी यंत्रं निघाल्यावर तो वरचा मजलाच काढून टाकला आणि तळघरापासून छतापर्यंत सगळं मोकळं केलं. उतरून तुम्ही जिथे उभे राहता ते बँकसाइडचं झिरो मीटर. सुमारे ३५ मीटर उंच आणि १५२ मीटर लांब. ज्याने कधी चालू टर्बाइन हॉल पाहिला आहे त्याला हे रिकामपण अंगावर येतं, कारण अशा हॉलमध्ये माणसाला शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, आणि इथे मुलं जमिनीवर लोळत असतात.

मग वर बघा. दोन्ही भिंतींच्या कडेने रूळ गेले आहेत आणि त्यावर जुन्या क्रेन आहेत. टर्बाइनचं वरचं केसिंग म्हणजे आवरण उचलायला, रोटर म्हणजे आतला फिरणारा भाग काढायला अशाच क्रेन लागतात. या क्रेन त्यांनी जपल्या, आणि अवजड कलाकृती उभारताना त्या कामाला येतात.

चित्रकलेतलं कळत नाही, हे मनातून काढून टाका. शिक्षकाला फळ्यासमोर उभं राहिल्यावर वर्गात कोण लक्ष देतंय ते कळतं ना? तेवढीच नजर इथे पुरते. एका दालनात एकच वस्तू निवडा आणि तिच्यासमोर बसा. ती कशाची बनली आहे, किती जड असेल, कोणाच्या हातांनी बनली असेल, इथपर्यंत आधी या. अर्थाची पाटी नंतर वाचा. सगळी दालनं बघायचा प्रयत्न तर करूच नका. दोन मजले खूप झाले, मग खाली येऊन चहा घ्या.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. तिला कंटाळा येईल का?
— ठाणे

उत्तर : टर्बाइन हॉलमध्ये तिला एक काम द्या: जमिनीवरचा व्रण शोधायचा. २००७मध्ये डोरिस साल्सेदो या कोलंबियाच्या कलावतीने तिथल्या काँक्रीटमध्ये १६७ मीटर लांबीची भेग पाडली होती. सुरुवातीला केसाएवढी, पुढे हात जाईल इतकी. परक्या देशात गेलेल्या माणसाला ‘आपल्यातला’ मानलं जात नाही, ती फट तिला दाखवायची होती. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली, पण काँक्रीट बुजवलं तरी जोड दिसतोच. तो दिसतो आहे. त्याच्या कडेने चालत जायला मुलांना फार आवडतं.

दुसरं, सिल्दो मेइरेलेस या ब्राझिलियन कलावंताचा ‘बाबेल’ मांडलेला असेल तर चुकवू नका. शेकडो रेडिओंचा गोल मनोरा, खाली जुने मोठे व्हॉल्व्हचे, वर चढत जाल तसे लहान आणि नवे, सगळे चालू आणि प्रत्येकावर वेगळं स्टेशन. आजी-आजोबा बरोबर असतील तर तेही तिथून हलणार नाहीत.

प्रश्न : मी बांधकाम कंत्राटदार आहे, पत्नी कलाशिक्षिका. तिने मला टेटमधल्या एका ‘शिल्पा’चा फोटो दाखवला. जमिनीवर विटा रचून ठेवल्या आहेत, बस्स. माझा गवंडी अर्ध्या तासात हे करेल. यावर पैसे खर्च करणाऱ्यांना काय म्हणायचं? आमच्या घरात यावरून रोज वाद होतो.
— कोल्हापूर

उत्तर : तो कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराचा ‘इक्विव्हॅलंट ८’. आणि तुमचा प्रश्न इंग्लंडमध्ये १९७६ साली वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर विचारला गेला आहे. टेटने ते १९७२मध्ये विकत घेतलं होतं. चार वर्षांनी बातमी फुटली आणि लोक संतापले, की आमच्या करातून विटा? एकाने तर त्यावर निळा रंग ओतला. लोकांचा पैसा कुठे जातो हे विचारायचा हक्क त्यांना होताच, तो मी नाकारणार नाही.

पण तुम्ही कंत्राटदार आहात, म्हणून तुमच्याशी विटेच्या भाषेतच बोलतो. त्या १२० विटा आहेत. सहा आडव्या, दहा उभ्या, दोन थर. मसाला नाही. आणि त्या साध्या विटा नाहीत, फायरब्रिक आहेत. बॉयलरच्या भट्टीला आतून लावतात त्या, फिकट पिवळसर, कडा धारदार, हातात घेतली की वजनाने आपण चमकतो. ओव्हरहॉलच्या वेळी आमच्याकडे बॉयलरपाशी या विटांचे चट्टे लागायचे. मिस्त्री लोक त्या लावण्याआधी एक थर नुसता कोरडा मांडून बघत, कुठे डगमगते का, कोपरा बसतो का. तो कोरडा थर बघायला मी मुद्दाम थांबत असे. विटेवर त्या क्षणी काहीच चढलेलं नसतं, भट्टी नाही, आग नाही, प्लॅस्टर नाही. तिची मापं आणि तिची सरळ कड एवढंच दिसतं. पुढे ती भिंतीत गेली की कोणी तिच्याकडे बघत नाही.

आंद्रेने नेमकं तिथेच थांबायचं ठरवलं. त्याने अशा आठ रचना केल्या. प्रत्येकीत १२० विटा, प्रत्येक रचना दोन थरांची, आकार मात्र प्रत्येकीचा निराळा. कुठे लांबट अरुंद, कुठे जवळजवळ चौकोन. माल तेवढाच, जागा तेवढीच व्यापलेली, तरी डोळ्याला आठही वेगळ्या वाटतात. तुम्ही एकाच क्षेत्रफळाच्या दोन खोल्या बांधल्या असतील, एक लांबोडी आणि एक चौरस. ग्राहक पहिलीत शिरून ‘लहान आहे’ म्हणतो ना? तीच गोष्ट त्याला विटांतून दाखवायची होती. आठपैकी एकच एकटी समोर असली की हे कळायला जड जातं, ही तुमची तक्रार मला रास्त वाटते.

तुमचा गवंडी अर्ध्या तासात रचेल, हेही खरं. आंद्रेला त्यात कमीपणा वाटला नसता. यात लपवलेलं कौशल्य नाहीच. चबुतरा नाही, कोरीवकाम नाही, सही नाही. जे आहे ते सगळं तुमच्या पायाशी आहे. लंडनला गेलात तर पत्नीसोबत त्या विटांच्या चारी बाजूंनी एकदा चालून या. थर कुठे किती हलला आहे ते तुमच्या डोळ्याला तिथल्या कोणत्याही प्रेक्षकाच्या आधी दिसेल. मग घरी वाद घाला, तो चांगला वाद होईल.

प्रश्न : वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. ८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. आता त्या जागी टॉवर आहे. तुमचा लेख त्यांना वाचून दाखवला. ते इतकंच म्हणाले, “तिकडे इमारत ठेवली होय!” माझा प्रश्न असा, की आपल्या एवढ्या गिरण्यांपैकी एकीचंही असं का झालं नाही? आणि झालं असतं तर माझ्या वडिलांना त्यात काय मिळालं असतं?
— काळाचौकी, मुंबई

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमिनीत आहे. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या एकेक करून थंडावल्या तेव्हा गिरणगाव मुंबईच्या ऐन मध्यावर होतं आणि जमिनीचा भाव यंत्रांच्या, कापडाच्या, माणसांच्याही भावापेक्षा कितीतरी वर गेला होता. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. त्यात साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा परवडणाऱ्या घरांना आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. शेडखालची जमीन त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या वाट्याला येणारी जमीन अशी आक्रसली. ज्या नियमात शेड पाडण्यातच फायदा आहे, तिथे शेड कोण ठेवणार?

बँकसाइडची गोष्ट निराळी होती. ते सरकारी केंद्र होतं आणि तेलावर चालायचं. तेल महागलं, केंद्र परवडेना, बंद झालं. ते ज्या सदर्कमध्ये आहे तो तेव्हा लंडनचा गरीब भाग. तिथली जमीन हवी म्हणून कोणी रांगेत उभं नव्हतं. इमारत वर्षानुवर्षं ओस पडली होती, पाडायच्याही गोष्टी चालल्या होत्या. १९९४मध्ये टेटने ती निवडली. रूपांतराला १३ कोटी ४० लाख पाउंड लागले, त्यातले ५ कोटी लॉटरीच्या पैशातून मिलेनियम कमिशनने दिले. म्हणजे लोकांच्या पैशाने लोकांची जागा केली. आपल्याकडे नेमकं हेच व्हायला हवं होतं, आणि झालं नाही याचं मला मनापासून दुःख आहे.

तरी तिथलं सगळं आदर्श होतं असं मी तुमच्या वडिलांना सांगणार नाही. संग्रहालय आलं आणि भोवतीच्या जमिनीला भाव आला. शेजारी काचेचे महागडे फ्लॅट उभे राहिले. २०१६मध्ये टेटने मागे दहा मजली नवी इमारत बांधली, वरच्या गच्चीतून लोक त्या फ्लॅटमध्ये डोकावू लागले, रहिवासी कोर्टात गेले आणि २०२३मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जुने गरीब शेजारी मात्र कधी कोर्टात जाऊ शकले नसते. नव्या इमारतीला मोठी देणगी देणाऱ्याचं नाव आहे. जुन्या बॉयलर हाउसला २०१८पासून नॅटली बेल या स्थानिक कार्यकर्त्या बाईंचं नाव आहे. ते शेजाऱ्यांनी सुचवलं, तानिया ब्रुगेरा या क्युबन कलावतीच्या प्रकल्पातून. ते नाव वाचून मला फार बरं वाटलं. पण बँकसाइडला तीन पाळ्यांत बॉयलर आणि टर्बाइनं ज्यांनी चालवली त्यांची नावं मला कुठल्या भिंतीवर दिसली नाहीत. इमारतीचा वास्तुविशारद सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट सगळ्यांना माहीत आहे, बेचाळीस लाख विटा लागल्या हेही माहीत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वडिलांना काय मिळालं असतं? नोकरी नाही, देणी नाहीत. तेवढं कबूल करून पुढे बोलतो. त्यांना ती जागा ओळखता आली असती. नातवाचा हात धरून ‘इथे माझे साचे होते’ असं बोट दाखवून सांगता आलं असतं. माझं केंद्र उद्या बंद झालं आणि हॉल उभा राहिला, तर मी डोळे मिटून माझं युनिट दाखवेन. टॉवरच्या लॉबीत तुमच्या वडिलांना ते करता येत नाही.

तुमच्याच काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल नंबर २-३च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची महापालिकेची योजना आहे. तिथे माझ्यासारख्या कामगारवर्गातून आलेल्या माणसाच्या मागण्या स्पष्ट आहेत. साचे नुसते काचेमागे ठेवू नका, दोन-चार तरी चालते ठेवा, आवाजासकट. साचेखात्याचा खडखडाट ऐकल्याशिवाय गिरणी कळत नाही. आणि मस्टरमधली नावं भिंतीवर लावा. दारावर मालकांची आणि उद्घाटनाला आलेल्यांची नावं लागतातच, त्यासाठी कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

तोवर तुम्ही एक करा. वडील बोलतात तेवढं फोनवर रेकॉर्ड करा. किती साचे सांभाळायचे, पाळी कोणती, जॉबर म्हणजे मुकादम कसा होता, भोंगा कुठल्या गिरणीचा आधी व्हायचा, डबा कुठे खायचे, कापूस नाकातोंडात जायचा तेव्हा काय करायचे. भावना विचारू नका, काम विचारा. कामाबद्दल विचारलं की बाकीचं आपोआप येतं.

प्रश्न : टेटमध्ये भारतीय कलावंतांचं काही आहे का?
— कलाविद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आहे, आणि चांगलं आहे, पण मांडणी बदलत राहते. जाण्याआधी संकेतस्थळावर बघून घे.

मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूरने २००२मध्ये टर्बाइन हॉलमध्ये ‘मार्सियस’ उभारलं होतं. तीन प्रचंड पोलादी कड्यांवर ताणलेलं लाल प्लास्टिकचं कातडं, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. २००१च्या ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनात जगातल्या नऊ शहरांत मुंबई होती. गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी तो विभाग रचला होता, त्यात अतुल दोडिया यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर रंगवलेली चित्रं होती. भूपेन खख्खर यांचं मोठं प्रदर्शन २०१६मध्ये झालं.

तू मात्र शीला गौडा यांचं ‘बिहोल्ड’ शोध. त्या बंगळुरूच्या. या कामात गाड्यांचे चकचकीत बंपर केसांच्या दोरांवर टांगले आहेत. दोर माणसांच्या केसांचा, एकूण चार हजार मीटर. देवळात नवस फेडताना उतरवलेले केस. दक्षिणेत गाडीला नजर लागू नये म्हणून बंपरला असा दोर बांधतात, आपल्याकडे लिंबू-मिरची बांधतात तसा. दुरून बघशील तर भिंतीवरून काळ्या वेली लोंबताहेत असं वाटतं. जवळ गेलीस की एकेक केस सुटलेला दिसतो आणि आपण नकळत अर्धं पाऊल मागे सरकतो. बंपर पोलादाचा, आणि त्याला पेलतो कोण? कोणीतरी देवाला वाहिलेले केस. मला यंत्रं जवळची, पण या कामापुढे मी बंपरकडे बघितलं नाही, दोराकडेच बघत राहिलो. तुझ्या वहीत या दोराचा पीळ काढून बघ. किती जाड-बारीक, कुठे गाठ, कुठे ताण. शिकण्यासारखं त्यातच आहे.

प्रश्न : लंडन आमच्या आवाक्यात नाही. भारतात असं काही बघायला मिळेल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : कोचीला जा. २०१२पासून तिथे कोची-मुझिरिस बिएनाले हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन भरतं, सहसा वर्षाआड, डिसेंबरात सुरू होतं आणि काही महिने चालतं. ते सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. फोर्ट कोचीतलं अ‍ॅस्पिनवॉल हाउस हे त्याचं बरीच वर्षं मुख्य ठिकाण राहिलं आहे. काथ्या, मिरी, आलं, हळद यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीची ही समुद्राकाठची जुनी कचेरी आणि गोदामं. कारखाना नव्हे, पण मालाची जागा. दारं बैलगाडी जाईल एवढी, छपरं कौलारू.

तारखा आणि यंदाची ठिकाणं आधी बघून घे आणि मगच रेल्वेचं आरक्षण कर. मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकणातून थेट एर्नाकुलमला जाते. तिथून फोर्ट कोचीला बसने जाऊ नकोस, जेट्टीवरून बोट घे. स्वस्त आहे, आणि त्या गोदामांत माल जसा पाण्यावरून यायचा तसाच तू पोचशील. आत गेलास की आधी छपराचा भार पेलणाऱ्या कैच्या बघ.